सुभेदाराने धरलेली कुबडी

सकाळचे ऊन आधी उसाच्या तुऱ्यांवर आले, मग गोठ्याच्या पत्र्यावरून सावकाश उतरत ओट्यावर बसलेल्या आबांपाशी थांबले. ब्याण्णव साली फौजेत सुरुंगाने त्यांचा एक पाय नेला. कुबडी हातून निसटून लांब पडली, की त्यांना जागचे हलता येत नसे. आमचे लॅब्राडोरचे पिल्लू सुभेदार ती आणून देऊ लागले, तरच मी कुपवाडच्या कारखान्यात रुजू होणार होतो.

दोन महिने मी त्याला उसाच्या कांडक्यावर शिकवले. ते कांडके तो चघळूनच संपवी.

"आरं, ऊस कोण माघारी देतंय व्हय?" आबा हसले होते. "बाभळीचं लाकूड दे त्याला."

पंधरवडा बाभळीवर गेला. आज आबांनी कुबडी अंगणात भिरकावली. सुभेदाराने ती मधोमध धरली, डुलत आणली आणि आबांची मूठ आवळेपर्यंत सोडली नाही.

"शाब्बास रं गड्या!" आबांचा आवाज शिवारभर घुमला. मीही आनंदाने ओरडलो.

"आता सोमवारी नीघ, विश्वजीत."

"आबा, आनखी आठ दिवस बघू या."

"आता काय बघायचं ऱ्हायलंय?"

मला घर सोडायची भीती वाटत होती.