मानेमागची नस

दवनीवाड्याची रविता अंगणात धान वाळत घालत होती, तेव्हा मानेच्या मागून डोक्यात एकदम काहीतरी फुटल्यासारखं झालं. ती तिथेच बसली, दोनदा ओकली. मान ताठ झाली, पुढे वाकवता येईना. असं डोकं तिचं आयुष्यात दुखलं नव्हतं आणि ती तेच सांगत राहिली, हे नेहमीचं दुखणं नाही.

नवरा धनेंद्र तिला गोंदियाच्या एका नावाजलेल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरांनी तिच्याकडे कमी, धनेंद्रकडे जास्त पाहिलं. घरात कोण कोण आहे विचारलं. सासू आहे म्हटल्यावर हसले. टेन्शन आहे म्हणाले, थोडी अ‍ॅसिडिटी. मान वाकत नाही, चालताना तोल जातो, हे रविताने पुन्हा सांगितलं. त्यांनी झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. मग धनेंद्रला दाराशी नेऊन हिंदीत समजावलं की औरतों का थोडा नाटक भी रहता है, ध्यान मत दो. खुर्चीत बसलेल्या रविताला ते स्पष्ट ऐकू आलं.

धनेंद्रने खरंच ध्यान दिलं नाही. ती कण्हायची, तर तो गोळी पुढे करायचा. ती म्हणायची दुसऱ्या कोणाला दाखवू, तर तो म्हणायचा एवढ्या मोठ्या डॉक्टरला काय कळत नाही?

कळलं ते सासूला. रामकली आणि रविताचं लग्नापासून एकाही गोष्टीवर एकमत झालेलं नव्हतं, गल्लीला त्यांची भांडणं पाठ होती. एका सकाळी चहाचा घोट रविताच्या नाकातून बाहेर आला आणि तिचा आवाज घोगरा झाला. रामकली उठून लेकासमोर उभी राहिली.

"मायासंग रोज भांडते हे. पण खोटं कधी बोलली नाई. गाडी बोलाव."

गाडी अर्ध्या वाटेवर असतानाच रविता बेशुद्ध झाली. गोंदियात स्कॅन निघाला, डोक्यात रक्त होतं. तिथून सरळ नागपूर.

नागपूरच्या सर्जनबाईंनी मायलेकांना चित्र दाखवून समजावलं. मेंदूच्या मागच्या, तळाच्या भागाला रक्त देणारी एक बारीक नस फुगली होती. असे फुगे बहुतेक पुढच्या मोठ्या नसांवर येतात, इथे क्वचित. शिवाय हा देठावरच्या फळासारखा नव्हता, की देठाला चिमटा लावून मोकळं व्हावं. नसच लांबट फुगली होती. जांघेतून बारीक नळी वर नेऊन तेवढा तुकडा बंद करावा लागेल. जीव वाचेल अशी आशा होती. आवाज आणि गिळणं यांचं त्या काही सांगू शकत नव्हत्या.

मग त्यांनी विचारलं, आधी असं कधी दुखलं होतं का?

रामकलीनेच सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या, "तो पहिला रक्तस्राव होता. तेव्हाच साधा स्कॅन केला असता तर बहुतेक दिसला असता. दुसऱ्यांदा फुटायच्या आधी नस बंद करता आली असती."

रविता वाचली. बरेच दिवस नाकातल्या नळीतून पेज घेत होती. घरी आली तेव्हा भिंत धरून चालत होती, आणि गल्लीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या तिच्या आवाजाची नुसती कुजबुज उरली होती. तोल सुधारेल, आवाजाचं माहीत नाही, असं नागपूरला सांगितलं होतं.

जरा चालता यायला लागल्यावर तिने धनेंद्रला सांगितलं, गोंदियाच्या त्या डॉक्टरकडे चला. तो म्हणाला, आता कायले? ती चपला घालायला लागली. रामकलीने आधाराला तिचा दंड धरला.

डॉक्टरांनी नागपूरचे कागद चाळले आणि मान हलवली. फारच रेअर केस, लाखात एखादी. वाचलात हे नशीब समजा.

रविता पुढे झुकली. एकेक शब्द ओढून काढल्यासारखा येत होता. "नस रेअर असंल. मान वाकत नाई हे तं मी तुमाले साध्या मराठीत सांगतलं होतं. तुमी मले नाटक म्हनलं." तिने धनेंद्रकडे बोट दाखवलं. "आता यायले सांगा, का ते नाटक नोयतं."

डॉक्टर म्हणाले, बाहेर पेशंट थांबलेत. ती उठली नाही. कंपाउंडर दोनदा डोकावून गेला, ती हलली नाही. शेवटी डॉक्टर धनेंद्रकडे न बघता पुटपुटले की बाई खरं सांगत होती, मी तपासायला हवं होतं.

"जोरात सांगा," रविता म्हणाली. "माया आवाज गेला, तुमचा हाये."

त्यांनी पुन्हा सांगितलं. बाहेरच्या बाकावरच्या बायका आत बघायला लागल्या.

रस्त्यावर आल्यावर धनेंद्र तिच्या बाजूने चालू लागला आणि अडखळत म्हणाला की त्याचंही चुकलंच. रविता सासूच्या खांद्यावर हात ठेवून चालत होती. तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"तुमची पाळी घरी," ती म्हणाली.