पोटातलं नाव

मी हंडा बोलायलोय. पितळेचा, गळ्याला बारीक आन पोटाला मोठा. हात जोडून गोड बोलणारा हंडा मी न्हाई. मी रागानं बोलायलोय, आन माझा राग वाजवी हाय का न्हाई ते शेवटाला तुमीच ठरवा.

जन्म जिंतूरचा. एका तांबटानं मला ठोकून ठोकून आकाराला आणलं. त्या माराबद्दल माझी तक्रार न्हाई, मार खाल्ल्याबिगर हंडा होत नसतो. मग डोहगावचा सिताराम नावाचा शेतकरी आला. लेकीला लग्नात द्यायला त्यानं दुकानातलं सगळ्यात मोठं भांडं मागितलं.

"नाव घाला," तो म्हणाला. "पोरीचं, माझं आन गावाचं. सासरी पंगतीत बदलून जाया नको."

तांबटानं टोचा घेतला आन ठिपका ठिपका ठोकत माझ्या अंगावर लिहिलं, 'चांगुणा सिताराम, डोहगाव'. लय दुखलं. पण कुणाच्या तरी लेकीचं नाव मिरवायचंय म्हणून सोसलं.

आपल्याकडं लग्नाच्या पंगतीला साऱ्या आळीची भांडी गोळा होतात. माघारी जाताना ह्याचं त्याला जातं, म्हणून भांड्यावर नाव घालतात. चाल चांगली हाय. पण ह्याच चालीनं पुढं माझं वाटोळं केलं.

बैलगाडीत चांगुणा आन मी एकदमच सासरी आलो. तिथं ताटात तांदूळ पसरले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहिलं, आन चांगुणाची सगुणा झाली. साखर वाटली, बाया हसल्या, पोरीला कुणी विचारलं न्हाई. ती पाण्याला निघाली की माझ्यावरच्या नावावरून अंगठा फिरवायची. त्या घरात तिचं खरं नाव माझ्याजवळच उरलं होतं.

तिला भुजंग झाला. तो रांगत होता तवाच ती तापानं गेली. नवऱ्यानं परत तिचं नाव काढलं न्हाई, आन थोड्या सालांनी तोही गेला. तिकडं येलदरीचं धरण झालं. डोहगाव पाण्याखाली गेलं आन माणसं वाट फुटंल तिकडं पांगली.

भुजंगाला चुलतीनं, कस्तुराबाईनं, वाढवलं. तिनं मला पाणी तापवायला चुलीवर चढवलं. काजळीनं नाव झाकलं. पुढं गोठ्यात नेऊन माझ्यात सरकी भिजवायला लागली. कुणी विचारलं तर म्हणायची, "ते आपलं न्हाई बाई, कवातरी पंगतीत बदलून आलंय." घरात आलेल्या पोरीचं आंदणही तिला ठावं नव्हतं, का सांगायचं नव्हतं, देव जाणे. भुजंग खांद्यापर्यंत हात घालून तळाची सरकी खरवडायचा. आतल्या अंगाला टोच्याचे बारीक उंचवटे होते, तिथं त्याची बोटं थांबायची. "काकी, हंड्याला आतून पुरळ आलंय," म्हणायचा. बाहेर वाकून बघायची अक्कल मात्र त्याला सुचली न्हाई.

आता भुजंग म्हातारा झालाय आन परभणीत लेकाच्या घरी राहतो. हॉलमध्ये जुनं पितळ मांडायची टूम निघाली तशी त्याच्या सुनेला, माधवीला, माझी आठवण झाली. गावाकडून मला आणलं, चिंचेनं घासलं. काजळी निघाली, नाव दिसलं.

"ही कोण बाई?" माधवी म्हणाली. "येणारे-जाणारे म्हणतील, कुणाचं तरी भांडं उचलून आणलंय."

"बदलून आलेलंय ते," भुजंग पेपरातून मान वर न काढता म्हणाला. "काकी सांगायची."

झालं. माधवीनं माझं नाव भिंतीकडं केलं आन तोंडात प्लॅस्टिकची फुलं कोंबली. आईचं नाव घरात येऊन उभं राहिलं, तर लेकानं पेपर वाचला. मी का चिडू नये?

आन ह्याच माणसाला आजोळ पाहिजे होतं. पितरांच्या पंधरवड्यात गुरुजी दर साली विचारायचे, "आईच्या वडिलांचं नाव?" भुजंग खाली बघायचा. गुरुजी "बरं, असू द्या" म्हणून पुढचं म्हणायला लागायचे. तेवढं एक 'असू द्या' त्याला दिवसभर जेवू द्यायचं न्हाई. नातीला, भक्तीला, तो म्हणाला, "आजा असून मी त्याला बेवारशी ठेवलंय. मी गेल्यावर तर विचारायलाही कुणी उरणार न्हाई."

भक्ती पोरगी जिद्दीची. म्हाताऱ्याला घेऊन कचेऱ्या पालथ्या घातल्या. जुने कागद उर्दूत, ते वाचून घेतले. त्यात भुजंगाच्या बापाचं शेत हाय, विहीर हाय, आंब्याची झाडं हायत, बाई न्हाई. मरणाच्या नोंदीत तेवढ्याच सालाचं पान फाटलेलं. घरी येऊन भक्तीनं सांगितलं, एक कारकून म्हणाला, "आजोबा, बाईचं नाव कागदावर कशाला असंल?" मला त्याच्या टाळक्यात पडायची लय इच्छा झाली.

आईचं नाव सगुणा आन तिचं माहेर धरणात गेलं, एवढंच काकीकडून ऐकलेलं, म्हणून दोघं येलदरीकडं गेली. धरणात गेलेल्या गावांची माणसं गाठून विचारलं, तुमच्यातली सगुणा नावाची लेक आमच्या गावाला दिली होती का? कुणाच्यात सगुणा नव्हती. डोहगावच्या धुरपताबाई म्हणून एक म्हातारी भेटली. तीही न्हाईच म्हणाली. घरी येऊन भुजंग माझ्या शेजारी खुर्चीत बसला आन रडला. गुडघा माझ्या पोटाला लागत होता. नाव पलीकडं, हातभर अंतरावर. फिरव की रे मला, गाढवा.

भक्तीनं मला फिरवलं, पण कशासाठी ते ऐका. पणजीच्या नावानं देवळाला भांडं द्यायचं तिनं ठरवलं. पॉलिशवाल्याकडं नेलं. तो म्हणाला, "ताई, ह्यावर जुनं नाव हाय. काढू का?"

"काढा," ती न वाचताच म्हणाली. "ते आमचं न्हाई."

यंत्राचं चाक फिरलं. सितारामानं हौसेनं घातलेलं नाव पिवळा भुगा होऊन खाली पडलं, आन त्याच जागी नवं कोरलं, 'कै. सगुणाबाई यांच्या स्मरणार्थ'. आईची आठवण म्हणून आईलाच पुसलं. शिकलेली पोर, म्हणून शिवी गिळतो.

श्राद्धाच्या सकाळी मला देवळात न्यायचं चाललं होतं, तेवढ्यात धुरपताबाईंचा फोन आला. भक्तीनं आवाज मोठा केला.

"आगं पोरी, मला रातीपासनं चैन न्हाई. आमच्या गावची एक पोर तुमच्या गावाला दिलेली होती. सगुणा सासरचं नाव असंल की. लग्नात बदलत्यात न्हवं का? तिचंबी आन तिच्या बापाचंबी नाव मला आता आठवंना बघ. पण बापानं हंडा दिल्ता. भला मोठा, पोरीचं नाव घालून."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. बघा आता.

"चांगुणा का चंद्रभागा, कायतरी होतं," माधवी पुटपुटली. "पुढचं मी वाचलंच न्हाई." भक्तीनं फोन ठेवला. "मीच काढायला लावलं, आजोबा." भुजंग पॉलिश केलेल्या पोटावरून हात फिरवत राहिला. तिथं नव्या अक्षरांबिगर काही लागत नव्हतं.

मग त्याचा हात थांबला. त्यानं बाही वर सारली आन खांद्यापर्यंत हात माझ्यात घातला, सरकी खरवडायचा तसा. बोटं चाचपत आली आन त्या पुरळावर टेकली. चाक बाहेरून फिरलं होतं, आत त्याला कोण जाऊ देतं?

"आत हाय," तो म्हणाला. "भक्ती, आत हाय गं."

भक्तीनं मोबाईलचा उजेड आत सोडला आन फोटो काढला. अक्षरं उलटी होती, ती मोबाईलवरच सुलटी केली. भुजंगानं एक एक अक्षर जोडून वाचलं, चांगुणा सिताराम, डोहगाव.

गुरुजींनी विचारलं, "आईच्या वडिलांचं नाव?"

"सिताराम," भुजंग म्हणाला. गुरुजी पुढं गेले तरी आपलं म्हणतच राहिला, "सिताराम. सिताराम डोहगावकर."

मला देवळात दिलं न्हाई. आता मी त्याच्या खाटंजवळ असतो. फुलं गेली एकदाची. माझा राग गेला न्हाई आन जाणारही न्हाई. तुमच्या घरातलंही एखादं भांडं बदलून आलेलं असंल, तर भिंतीकडं करण्याआधी नीट वाचा. तेवढंच सांगायचं होतं.

भुजंग दुपारचा पडल्या पडल्या हात माझ्यात घालतो आन त्या ठिपक्यांवर अंगठा ठेवून झोपी जातो. अंगठा अगदी आईसारखा फिरवतो. वजन लय होतं त्या हाताचं. काढ म्हणावं वाटतं, पण म्हणत न्हाई.