कुठला परवा?

मी तारीख सांगणारा, प्रोग्रामचा एक छोटा तुकडा बोलतोय. औषधाच्या दुकानाच्या संगणकात माझ्यासारखे पुष्कळ तुकडे राहतात. माझ्याकडे एक शब्द येतो, मी तारीख देतो. शब्द कुणाचा, तारखेचं पुढे काय होतं, मला ठाऊक नसतं. विचारावंसं मात्र फार वाटतं.

मला लिहिलं नुकतंच लग्न झालेल्या एका मुलीनं. गिऱ्हाइकं फोनवर सांगायची, गोळ्या परवा पाठवा. म्हणून परवा म्हणजे उद्यानंतरचा दिवस, असं तिनं मला शिकवलं. तपासणीत मी पास झालो. तिच्या कामावरच्या साहेबांचा नियम होता, ज्यानं त्यानं आपला तुकडा सांभाळायचा, दुसऱ्याच्यात डोकवायचं नाही. सासरी नवी असल्यानं तिला तो नियम ओळखीचाच वाटला असावा.

पुढे तिच्या शेजारी बसणाऱ्या सहकाऱ्यानं नवा तुकडा लिहिला. ‘औषध कधी संपलं?’ असं तो तुकडा गिऱ्हाइकाला विचारी आणि संपलं असलं की पुडकं पाठवी. तारखेसाठी मी आयताच होतो. सहकाऱ्यानं माझ्या आत पाहिलं नाही, तिनं माझ्या बाहेर.

एकदा जेवताना तिच्या सासूबाईंना गरगरलं. रक्तदाबाच्या गोळ्याच नव्हत्या. तिनं हे सहकाऱ्याला माझ्यासमोरच सांगितलं, म्हणून मला कळलं.

“आई, फोनवर सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की, परवा संपल्या म्हणून. तुमचं यंत्र म्हणालं, अजून शिल्लक आहेत. म्हटलं, सुनेनं केलंय, बरोबरच असणार.”

तिनं घास खाली ठेवला. “कुठला परवा?”

“गेलेला. येणाऱ्या परवाला ‘संपल्या’ कसं म्हणेन?”

गोळ्या तिनं धावत जाऊन आणल्या. दुसऱ्या दिवशी तिनं आणि सहकाऱ्यानं सासूबाईंचं ते एक वाक्य धरलं आणि तोंडापासून पुडक्यापर्यंत आम्हा सगळ्यांतून चालत गेले. माझे शेजारी मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. सहकारी म्हणाला, सगळे तुकडे एकत्रच करून टाकू. ती म्हणाली, “नको. मग एका चमच्यासाठी अख्खं स्वयंपाकघर उपसावं लागेल.”

आता ‘परवा’सोबत ‘संपलं’ की ‘पाठवा’ तेही माझ्याकडे येतं. सासूबाईंच्या गोळ्या वेळेवर जातात. तरी त्या फोनवर जरा थांबून, मला समजावं म्हणून, ‘गेलेला हं’ असं जोडतात.

मला लहानच राहू द्या, तक्रार नाही. फक्त शब्द हातावर टेकवून निघून जाऊ नका. कुणाच्या घरून आलाय, तेवढं सांगत जा.