पाठमोरी खुर्ची

आमच्या गल्लीच्या टोकाला एक सलून होतं आणि त्याच्या मालकाला सगळे वस्तरा म्हणत. त्याचा हात इतका हलका होता, की एकदा एक गृहस्थ दाढी करून घेता घेता झोपले ते दुसऱ्या दिवशी उठले. तोवर दाढी पुन्हा वाढलेली. वस्तऱ्यानं न बोलता परत फेस लावला, तर गृहस्थ म्हणतात, "झाली नाही का अजून?" यातलं निम्मं तुम्ही सोडून द्या. उरलेलं निम्मंही पुष्कळ आहे.

दुसऱ्याच्या गालाला असा जपणारा हा माणूस स्वतःच्या चेहऱ्याच्या मात्र हात धुऊन मागे लागला होता. गिऱ्हाईक उठून गेलं, की तो खुर्चीमागून पुढे यायचा, आरशाला नाक टेकेल इतका जवळ जायचा, आणि बोटं हनुवटीवर, मानेवर, कानाच्या पाळीमागे फिरायला लागायची. उंचवटा लागला की नख लागलंच. पुळी असो, खपली असो, नाहीतर काहीच नसो. काही नसलं तर नख तयार करायचं. क्षणभर म्हणून उभा राहिलेला माणूस चहावर साय धरेपर्यंत तिथंच. रक्ताचा थेंब दिसला की भानावर यायचा, तुरटी फिरवायचा, कापसाचा बोळा चिकटवायचा आणि "आता बास" असं आरशातल्याला बजावायचा. आरशातला मान डोलवायचा. तो पहिल्यापासूनच खोटारडा.

बायको होती तोवर निभावलं. जेवताना हात मानेकडे गेला, की ती भाजी वाढता वाढता, त्याच्याकडे न बघता, मनगटावर चापटी मारायची. ती गेली, आणि सलूनच्या वरच्या दोन खोल्यांत चापटी मारणारं कुणी उरलं नाही.

तोंडाला बोळे चिकटवलेला माणूस हातात पातं घेऊन पुढ्यात आला, की भल्याभल्यांना आपलं काहीतरी महत्त्वाचं काम आठवतं. गिऱ्हाईक तुटत गेलं. गिऱ्हाईक कमी, तेवढा रिकामा वेळ जास्त. रिकामा वेळ जास्त, तेवढे बोळे जास्त. शेवटी रोजचं म्हणावं असं एकच माणूस उरलं, ते म्हणजे निवृत्त पोस्टमन.

हा पोस्टमन दाढी कमी आणि बडबड जास्त करायला यायचा. सलूनमधलं बोलणं कसं चालतं ते तुम्हाला ठाऊक आहे. बसलेला आरशात बघून बोलतो, उभा असलेला आरशात बघून उत्तर देतो. वर्षानुवर्षं या दोघांनी एकमेकांना उलटंच पाहिलं होतं. रस्त्यात समोरासमोर आले असते तर दोघांनाही क्षणभर विचार पडला असता, की याचा भांग भलत्या बाजूला कसा. पण वस्तऱ्याच्या दिवसभरात माणसाचं बोलणं एवढंच. पोस्टमन यायचा थांबला, तर रात्री झोपताना आपण आज तोंड उघडलं होतं का, हे त्याला आठवून बघावं लागलं असतं.

एके दिवशी पोस्टमन आरशाला म्हणाला, "वस्तऱ्या, तुझ्या थोबाडावर इतके शिक्के कुणी मारले रे? पाकीट फाटायला आलंय."

"उष्णता आहे अंगात."

"उष्णता नखात आहे तुझ्या. डॉक्टरला दाखव. नाहीतर उद्यापासून मी दाढी वाढवतो, साधू होतो."

ही धमकी चांगलीच लागली. दुसऱ्याच दिवशी वस्तरा त्वचेच्या डॉक्टरबाईंसमोर मान खाली घालून बसला.

बाईंनी भिंगातून पाहिलं. मलम लिहिलं. मग विचारलं, "काय खाता दिवसभर?"

"चहा. बिस्किटं. परत चहा."

"जेवण?"

"एकट्यासाठी कोण कुकर लावतं?"

"तुम्हीच लावायचा. उपाशी पोट आणि नुसती साखर, मग जीव कासावीस होतो आणि हात काम शोधतात. वेळेवर जेवा. डाळ, पालेभाजी, दही. मूठभर बिया, अक्रोड. झोप नीट. संध्याकाळी चाला. नखं बारीक कापा, अंगठ्याच्या टोकाला पट्टी चिकटवा. आणि ऐका, याने जादू होणार नाही. हा आजार आहे, खोड नाही. हात जाईल परत. गेला तर स्वतःला शिव्या घालत बसू नका, परत माझ्याकडे या. समुपदेशकही आहेत आपल्याकडे."

"बरं."

"आणि आरशापासून लांब राहा."

वस्तऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. "बाई, माझं सलून आहे."

"मग गिऱ्हाईक नसेल तेव्हा झाकत जा. घरी बोलायला कुणी आहे का?"

"घरी नाही. आरशात आहेत."

बाईंना ती थट्टा वाटली. त्या हसल्या, म्हणून तोही हसला.

वस्तरा कामाला लागला. बिनसाखरेचा पहिला चहा पिऊन त्यानं असं तोंड केलं, की शेजारच्या डेअरीतलं दूध नासलं. ॲप्रनच्या खिशात भोपळ्याच्या बिया आल्या. हात हनुवटीकडे निघाला की त्याला वाटेत वळवायचा आणि खिशात घालायचा. कधी बियांबरोबर कुणाचे कापलेले केसही पोटात जायचे. वरच्या खोलीत कुकर शिट्ट्या मारायला लागला. ताटात डाळ, भाजी, दही घेऊन तो वेळेवर जेवायला बसायचा, आणि समोरची खुर्ची ओढून बाजूला ठेवायचा, कारण ती रिकामी समोर असली की घास फिरायचा. न्हाणीघरातल्या आरशात नीट दिसू नये म्हणून तिथं मिणमिणता दिवा लावला. संध्याकाळी चालायला लागला. चालताना हात खिशात.

हे सगळं जमलं. जमेना तो आरसा. पडदा लावला, तर कोपरा उचलून बघायचा. पडदा खिळ्यांनी ठोकला, तर खिळ्यांची डोकी बोटाला लागली, आणि दुपारभरात त्यानं नखानं सगळे खिळे उपसून काढले. काचेवर चुना फासला, तर तो खरवडण्यात त्याला इतका आनंद झाला, की दोन गिऱ्हाइकं वाट बघून निघून गेली. शेवटी त्यानं आरसाच उतरवला, तोंड भिंतीकडे करून उभा केला, आणि पुढ्यात जड कपाट सरकवलं. आता गिऱ्हाइकानं कपाट बघत बसायचं का? म्हणून खुर्ची फिरवून रस्त्याकडे तोंड केलं.

त्या खुर्चीनं काय काय केलं ते सांगायला बसलो तर जेवायची वेळ होईल. तापानं फणफणलोय म्हणून रजा टाकलेला कारकून अर्ध्या कटिंगवर असताना समोरून साहेब गेले. साहेबांनी काचेतून कपाळाला हात लावून ताप बघितल्याची खूण केली. एका नवरा-बायकोचं तर काचेच्या अलीकडून-पलीकडून नुसत्या हातवाऱ्यांनी असं भांडण झालं, की रस्त्यावरच्या गर्दीनं दोन पक्ष केले. लोक गंमत म्हणून येऊ लागले. सलून काही दिवस भरलेलं दिसायचं.

पण बोलणं गेलं.

वस्तरा मागे उभा, गिऱ्हाईक पुढे बघतंय. "काय म्हणता?" त्यानं टाळूला विचारायचं. "ठीक," टाळू रस्त्याला सांगायची. ज्याचा चेहरा दिसत नाही त्याला माणूस किती वेळ आपल्या सुनेच्या कागाळ्या सांगणार? पोस्टमननं काही दिवस प्रयत्न केला. उत्तराची वाट बघत मान वळवायचा आणि पातं थबकायचं. मग तो रस्त्याशीच बोलायला लागला. "ती बघा निघाली पिशवी घेऊन. अहो, पाऊस येतोय, छत्री घ्या." मग तेही थांबलं. एकदा पैसे ठेवताना म्हणाला, "मान अवघडते रे." त्यानंतर आला नाही.

आणि याच दिवसांत वस्तऱ्याचा चेहरा बरा होत होता. खपल्या आपणहून पडल्या. मानेवरचे डाग फिकटले. अधूनमधून एखाद्या संध्याकाळी हात जायचा, कानामागे थोडं खरचटायचं, पण बोळ्यांची बरणी तशीच भरलेली राहिली. डॉक्टरबाई "छान" म्हणाल्या, पण ते त्यांचं कामच. गल्लीत कुणालाच पत्ता नाही, कारण सगळ्यांच्या पाठीमागे उभा असलेला माणूस कोण बघतो? त्याला स्वतःलाही बोटांनी चाचपूनच कळायचं, आणि चाचपायची तर बंदी.

एका संध्याकाळी चालता चालता तो मोठ्या रस्त्यावर गेला. तिथं नवं सलून झालं होतं. दोन्ही भिंतींवर आरसे, त्यामुळे दोन खुर्च्यांच्या बघता बघता दोन पलटणी झालेल्या. आणि एका पलटणीतल्या प्रत्येक खुर्चीत पोस्टमन बसला होता. गालाला फेस, तोंडाचा पट्टा चालू, नवा सलूनवाला हसतोय.

वस्तरा काचेबाहेर थांबला. आरशातून पोस्टमनची नजर त्याच्यावर पडली. पट्टा बंद झाला. चोरून सिगरेट ओढताना वडील समोर यावेत, तसा तो आकसला. मग कपड्याखालून एक हात निघाला आणि आत ये म्हणाला.

वस्तरा आत गेला. नवा सलूनवाला तिशीतला, त्याला ओळखत होता. "या काका. काही कमी पडलं का? ब्लेड वगैरे?"

"दाढी करायची होती."

"कुणाची?"

"माझी."

सलूनवाल्यानं पोस्टमनकडे बघितलं. पोस्टमननं छताकडे. शेवटी सलूनवाल्यानं शेजारची खुर्ची झटकली, वस्तऱ्याला बसवलं, गळ्याभोवती पांढरा कपडा बांधला. दोन्ही हात कपड्याखाली गेले.

समोर आरसा. इतक्या महिन्यांनी. हात आत वळवळले, पण वर यायला वाट नव्हती.

पोस्टमन आरशात बघत राहिला. "अरे, तुझं तोंड बरं झालं की. कधी?"

"झाले बरेच दिवस."

"बोलला नाहीस ते."

"तू रस्त्याकडे बघत होतास."

"खुर्ची कुणी फिरवली होती?"

"मीच."

"मग सरळ कर. येतो मी."

"खुर्ची सरळ केली तर हे परत वाकडं होईल."

पोस्टमनच्या गालावरचा फेस वाळायला लागला. "मग राहू दे," तो म्हणाला. "तू ये इथं."

"हा काय माझा धंदा बुडवून स्वतःचा चालवतोय, आणि मी येऊ?"

"काका, दाढी फुकट करतो तुमची," सलूनवाला म्हणाला, "पण बोलू नका आता, हनुवटी हलतेय."

त्यानं कोमट फेस लावला. दोन बोटांनी गाल ताणला. पातं उतरत आलं. बायको गेल्यापासून या चेहऱ्याला वस्तऱ्याच्या स्वतःच्या बोटांखेरीज आणि डॉक्टरबाईंच्या भिंगाखेरीज कुणी शिवलं नव्हतं. हाताला वजन होतं, घाई नव्हती. जबड्याखाली एक नवी बारीक पुळी होती. सलूनवाल्यानं पातं तिच्या कडेनं वळवून नेलं. "हिला राहू द्यायची," तो स्वतःशीच पुटपुटला. वस्तऱ्यानं डोळे मिटले. मिटले नसते तर भरून आलेले आरशात दिसले असते.

मग सलूनवाल्यानं शेजारी वळून पोस्टमनचा वाळलेला फेस उतरवला. पोस्टमन उठला, चप्पल शोधली. सुनेची कागाळी अर्धी राहिली होती, ती त्यानं दारात उभं राहून पुरी केली, आणि गेला.

सलूनवाल्यानं तुरटी फिरवली, टॉवेल दाबला. गळ्यामागची गाठ सोडायला हात नेला.

"केसही काप," वस्तरा म्हणाला.

"काका, केस आखूडच आहेत."

"मग मानेवर मशीन फिरव."

"मान साफ आहे."

"डोकं चेपून दे."

दारात एक गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं होतं. सलूनवाल्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्चीतल्या म्हाताऱ्याकडे पाहिलं, आणि गाठीवरचा हात काढून घेतला.

"बसा जरा, काका," तो म्हणाला. "यांचं होईपर्यंत बसा. कपडा राहू दे."