जेवणाची घंटा

हॉटेलातल्या पोऱ्यानं गाँगवर टोला हाणला आणि ओरडला, "चला, जेवण तयार आहे!" परदेशी पाहुणे ताटल्या घेऊन धावले. रेत्नानिंगच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो गाँग तिच्या बाबांचा होता.

एकोणीस वर्षं रॉटरडॅमला काढलेली ही बाई. दर दोन वर्षांनी ईदला जावातल्या आपल्या गावी, सोलोला यायची, आठ दिवस मॉलमध्ये हिंडायची, चॉकलेटं वाटायची आणि चालती व्हायची. यंदा कुठून बुद्धी झाली कोण जाणे, चार दिवस पायाला भिंगरी लावून गाव पालथं घातलं. बाटिकच्या गल्ल्या, सावल्यांच्या बाहुल्या, राजवाड्यातला नाच. जिथे तिथे डोळे भरून यायचे. पाचव्या दिवशी धाकट्या भावाला तिनं विचारलं, "वीर्यो, बाबांची वाद्यं कुठायत रे?" तो मान खाली घालून तिला इथे घेऊन आला.

आता तिनं त्याला खांबाआड ओढलं. "लाज नाही वाटली? बाबा त्या गाँगला अहोजाहो करायचे! दर गुरुवारी फुलं, धूप! आणि तू त्याची जेवणाची घंटा केलीस?"

"म्बाक, ताई, हळू बोल."

"का हळू? ऐकू दे सगळ्यांना!"

वीर्यो मऊ माणूस, पण मऊ माणसाचाही कधीतरी पारा चढतो. "तू आपली उंटावरून शेळ्या हाक! बाबा गेल्यावर तीन वर्षं फुलं मी वाहिली. वाजवणारे एकेक करून गेले, छप्पर गळायला लागलं, तेव्हा तुला फोन केला. काय म्हणालीस? 'ते जुनं पितळ ना? कर तुला हवं ते, मी मीटिंगमध्ये आहे.' पितळ! कासं आहे ते, म्बाक! म्हणून इथे सांभाळायला दिलं."

"मी असं म्हणालेच नाही."

"म्हणालीस."

म्हणाली होती. पण कबूल करील तर ती रेत्नानिंग कसली! "आजच्या आज सगळं घरी न्यायचं," ती म्हणाली आणि ताडताड वाद्यांच्या मांडवाकडे निघाली.

मांडवात पाच म्हातारे चपला बाहेर काढून चटईवर बसत होते. गाँग सगळ्यात मागे टांगलेला. रेत्नानिंगनं इकडेतिकडे पाहिलं नाही. उंच टाचांचे बूट घातलेला पाय उचलला आणि वाटेतल्या बसक्या वाद्यावरून पलीकडे टाकला.

पाचही म्हातारे जागच्या जागी थिजले. ढोलवाला सुगिमान, बाबांचा चेला, उठून उभा राहिला. लहानपणी तिला खांद्यावर घेऊन बाजारात न्यायचा तो हाच.

"वाद्य ओलांडलंस?" त्याचा आवाज चिरकला. "सुताराची अडाणी पोरंसुद्धा वाद्याला वळसा घालून जातात आणि तू ओलांडलंस? बूट घालून? अगं, तो घंटा बडवणारा पोरगा सुमात्राचा आहे, त्याला आपली भाषा धड येत नाही, पण तोसुद्धा वाकून, वळसा घालून जातो!"

"तुम्हाला चालतं हे? गाँगची घंटा केलेली?"

"झोंबतं. रोज दुपारी झोंबतं. पण पाहुणे जेवले की तासभर आम्हाला वाजवू देतात. दुसरीकडे कोण बसू देतंय आम्हाला?"

"मी वाद्यं न्यायला आलेय."

"ने की! तुझ्या बापाची आहेत. आम्ही उचलू लागतो. फक्त एवढं सांग, वाजवणार कोण? दहा लागतात, आम्ही पाच उरलोय. तू शिकली होतीस ना? येत्या गुरुवारी बसशील?"

"रविवारी माझं विमान आहे."

तोंडातून निघून गेलं. कुणी हसलं नाही. हसले असते तर निदान भांडता तरी आलं असतं. सुगिमान खाली बसला आणि ढोल मांडीजवळ ओढला.

"मग सर बाजूला, पोरी," तो म्हणाला. "आम्हाला एकच तास मिळतो."

रेत्नानिंगनं बूट काढून हातात घेतले. लांबचा वळसा घालून ती बाहेर आली, तेव्हा मागे वादन सुरू झालं होतं, पाच जणांचं, तुटक तुटक. इतकी ती आयुष्यात कधी संतापली नव्हती आणि ज्याच्यावर ओरडावं असं आता तिथे कुणीच राहिलं नव्हतं.