मातेच्या अनामिकेचे माप

पवित्र सप्ताहाच्या सोमवारी, सकाळी नवाच्या सुमारास, मागदालेना नदीकाठच्या मोंपॉक्स गावी, हेलिओदोरो सोनार आपल्या दुकानात गाठ मारलेल्या एका दोऱ्याकडे संशयाने पाहत बसला होता. गिरिजाघरातील मारियामातेच्या अनामिकेभोवती फिरवून गाव जिला मानाने ‘दोन्या’ म्हणे त्या म्हाताऱ्या पेत्रोनिलाने तो आणला होता. मूर्तीला वस्त्रे नेसवण्याचा मान तिचा. त्या हातांना पुरुषाने स्पर्श करण्याची रीत नव्हती. शुक्रवारच्या मिरवणुकीत माता सोन्याच्या तारकामाची नवी अंगठी घालून निघणार होती. असली अंगठी मागाहून ठोकून लहानमोठी करता येत नाही. आणि भर रस्त्यात ती गळून पडली, तर चार पिढ्यांची अब्रूही तिच्यामागोमाग घरंगळणार, हे तो जाणून होता.

त्याने दोरा पट्टीवर ताणला. परीघ साठ मिलिमीटर. त्याला π ने भागताच व्यास एकोणीसच्याही वर गेला.

"दोन्या, हे बोट नावाड्याचं आहे."

"जीभ आवर! तुला दुपट्यात पाहिलंय मी."

"दोरा आवळून धरला होतात का?"

"आवळू? बिचारीचा मुलगा क्रुसावर चाललाय, आणि मी तिचं बोट आवळू?"

"अहो, ती लाकडाची आहे!"

"तुझं डोकंही लाकडाचंच. पण दुखतं ना?"

पुन्हा घट्ट मापून आणा म्हणावे, तर ती मेली तरी ऐकणार नव्हती. हेलिओदोरोने विचार केला: चूक बोटात नाही, मायेत आहे, मग मायाच मोजावी. आत त्याची आई कासिल्दा झुलत्या खुर्चीत बसली होती.

"दोन्या, आईच्या बोटाचं माप घ्या. जपून हं, सांधे दुखतात तिचे."

पेत्रोनिलाने हळुवार दोरा फिरवला: बासष्ट. मग त्याने स्वतः कागदाची पट्टी घट्ट गुंडाळली: छप्पन्न.

"मेल्या, बोट तोडतोस की काय!" आई ओरडली.

"म्हणजे सहा मिलिमीटर माया," तो म्हणाला. "साठातून सहा गेले, चोपन्न. व्यास सतराच्या थोडा वर."

"तिच्यावर माझी माया जास्त आहे," पेत्रोनिला ठसक्यात म्हणाली.

"ऐकू येतंय मला!" कासिल्दा म्हणाली.

हेलिओदोरो हसला खरा, पण हा मुद्दा त्याला कुसळासारखा टोचत राहिला. माया सहाऐवजी आठ निघाली तर? तरीही त्याने चोपन्नच कायम केले. तारेच्या जाडीपोटी तीन मिलिमीटर वाढवून तार कापली आणि कामाला बसला.

गुरुवारी दुपारी पेत्रोनिला अंगठी घेऊन गिरिजाघरात मातेच्या मूर्तीपुढील पडद्याआड गेली. बाहेर हेलिओदोरो येरझारा घालू लागला.

"घातली?"

त्याने पडद्याला कान लावला.

"दोन्या! हात खाली करून हलवून पाहा!"

"तू गप्प बस. हलवतेच आहे."

 मग पडदा सरला आणि पेत्रोनिला रिकामे हात झटकत बाहेर आली.

"बसली. सैल नाही, घट्ट नाही."