दादाने न पाहिलेला सामना

बस डेपोच्या गादीखात्यात तिला सगळे दाभण म्हणत. सीटांची फाटलेली कव्हरं शिवायची जाडजूड सुई म्हणजे दाभण. हे नाव तिला हातातल्या सुईवरून पडलं की तोंडातल्या जिभेवरून, याबद्दल खात्यात दोन मतं नव्हती. तीस वर्षं ती सीटा शिवत होती आणि या तीस वर्षांत तिने साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत कोणाचीही भीड ठेवली नव्हती. मंगळवारी चहाच्या सुट्टीत मात्र तिची वाचा बसली, आणि ती बसवली तिच्या सख्ख्या भावाने, तोही तिथे नसताना.

झालं असं, की डेपोतला पेंटर फुटबॉलचा वेडा. त्याच्या लाडक्या क्लबने पाठीराख्यांकडून आठवणी मागवल्या होत्या, ‘माझा पहिला सामना’ या विषयावर, आणि त्यांची छानशी पुस्तिका काढली होती. पहिल्या नंबराची आठवण पेंटर खात्यात सगळ्यांना वाचून दाखवत होता. ‘मी आठ वर्षांचा होतो,’ असं म्हणून सुरुवात होती. बाबांना कारखान्यातल्या सोडतीत दोन तिकिटं लागली. उभं राहून बघायच्या बाजूला तुफान गर्दी होती, म्हणून बाबांनी हत्यारांची लाकडी पेटी सोबत नेली आणि मुलाला तिच्यावर उभं केलं. गोलकीपरचा डावा मोजा सारखा घसरत होता. सामना संपत आला, गर्दी बाहेर पडू लागली, तरी बाबा हलले नाहीत. ‘बाबा म्हणाले, शेवटच्या शिट्टीच्या आधी माणसाने जागा सोडू नये. ते वाक्य मी आयुष्यभर जपलं.’

पेंटरचे डोळे पाणावले. येत्या रविवारी हेच वाक्य क्लबच्या मैदानातल्या प्रेक्षकांच्या स्टँडवर भल्यामोठ्या अक्षरांत झळकणार, लिहिणाऱ्याचा सत्कार होणार, असं तो सांगत होता. दाभणने चहाचा कप खाली ठेवला. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. त्या लाकडी पेटीवर ती उभी होती. मोजा तिने पाहिला होता. आठ वर्षांचा तो मुलगा त्या दिवशी गालगुंड होऊन, दोन्ही गाल फुगवून घरी अंथरुणात पडला होता. सहा वर्षांच्या बहिणीला बाबांनी ऐनवेळी त्याच्या तिकिटावर नेलं होतं.

बरं, आठवण चोरायची तर निदान धड चोरावी. बाबा शिट्टीसाठी थांबलेच नव्हते. उत्तरार्धात तिला लघवीला लागली. माणसाला माणूस इतका खेटून उभा होता, की हात वर करायचा झाला तरी शेजाऱ्याची परवानगी लागावी. तिने बराच वेळ कळ काढली आणि मग पेटीवर उभ्या उभ्याच सगळं झालं. पाय ओले, मोजे ओले, बुटात पाणी. ती रडायलाच लागली. बाबांनी खाली पाहिलं, एक शब्द न बोलता अंगातला स्वेटर काढला आणि बाह्यांची गाठ मारून तिच्या कमरेला बांधला. सामना संपल्यावर ते तिला घेऊन पायरीवर बसले. सगळी गर्दी बाहेर पडेपर्यंत बसूनच राहिले, थंडीत, नुसत्या शर्टावर. आपल्याला काय घाई आहे, म्हणाले. एवढा उशीर का, म्हणून आईने घरी फैलावर घेतलं, तेव्हा त्यांनी ते शिट्टीचं वाक्य ठोकून दिलं. लेकीची लाज झाकायला मारलेली थाप होती ती. आईला कळलं नाही, दादाला कळलं नाही, कोणालाच कळलं नाही. आणि आता ती थाप स्टँडवर रंगवणार होते.

ती म्हणाली, “पेंटर, हे सगळं खोटं आहे.” पेंटरने असं पाहिलं, की जणू ती त्याच्या आईबद्दल काही वावगं बोलली होती. मग काय झालं ते तूच सांग, म्हणाला. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. चौदा पुरुष चहा पीत बसले होते.

संध्याकाळी ती थेट भावाच्या दुकानात गेली. दादा चष्म्याच्या काचा घासून द्यायचा. बारकं काम, शांत माणूस, आवाज चढवणं त्याच्या रक्तातच नव्हतं, आणि याच गोष्टीचा तिला लहानपणापासून संताप यायचा. भांडायला गेलं तर हा फडक्याने काच पुसत बसणार. तिने पुस्तिका काउंटरवर आपटली आणि लाज कशी वाटली नाही, असं विचारलं. दुकानात एक गिऱ्हाईक होतं. ते चष्मा न घेताच निघून गेलं.

दादाने आधी सारवासारव केली. बाबांनी त्याला तो सामना अंथरुणाशी बसून तीन संध्याकाळ सांगितला होता, गोल कसा झाला ते उशीवर मूठ फिरवून दाखवलं होतं. इतक्या वेळा ऐकलं, की त्याला ती पेटी पायाखाली जाणवायची. लिहिताना ‘मी’ कधी झालं, त्याचं त्यालाच समजलं नाही, असं तो म्हणत होता. त्याला व्यवस्थित समजलं होतं. आपल्या भावाचा खोटं बोलतानाचा चेहरा तिला पाठ होता.

“आठ वर्षांचा होतास म्हणे,” ती म्हणाली. “गाल तर भोपळ्याएवढे झाले होते तुझे. ते नाही लिहिलंस?”

तेव्हा कुठे त्याने हातातली काच खाली ठेवली. “ते तिकीट माझं होतं,” तो म्हणाला. “पुढच्या वेळी तुला नेतो, असं म्हणाले होते ते. तीन वर्षं म्हणत होते. मग गेलेच. तुझ्याकडे तो एक दिवस तरी आहे. माझ्याकडे काय आहे?”

हे बोलणं खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच ती जास्त भडकली. नाही मिळालं म्हणून काय लोकांच्या घरात शिरायचं? तू आजारी पडलास यात माझा काय दोष? तिने त्याला वाट्टेल ते सुनावलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला आणि शेवटी एवढंच म्हणाला, की वाक्य तर बाबांचंच आहे ना, त्यांचंच नाव होतंय. नसेल तसं, तर ते का थांबले होते ते सांग. पुन्हा तोच प्रश्न. ती दार आपटून बाहेर पडली.

क्लबच्या सेक्रेटरीलाही तिने गाठलं. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि कुटुंबातला वाद कुटुंबातच मिटवा, असा सल्लाही दिला. वाक्य रंगवून झालं होतं. मफलरींवर विणूनही झालं होतं. शिवाय, तो म्हणाला, वडील आणि मुलगा म्हटलं की लोकांच्या काळजाला भिडतं. वडील आणि मुलगी भिडत नाही का, असं तिने विचारलं. त्यावर तो नुसता हसला. त्या हसण्याने तिचा निर्णय झाला.

रविवारी दुपारी सामन्याच्या आधी कार्यक्रम होता. मैदानाच्या कडेला छोटं व्यासपीठ आणि माइक. समोरच्या स्टँडच्या छतावर पुरुषभर उंचीच्या अक्षरांत बाबांची थाप. दादा नवा शर्ट घालून उभा होता. सेक्रेटरीने त्याची आठवण वाचायला घेतली. शिट्टीचं वाक्य आलं आणि स्टँडमधून हजारएक माणसांनी ते एका सुरात म्हटलं. हजार माणसं तिच्या ओल्या मोज्यांवरचं पांघरूण घोकत होती आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. ती कुंपणाजवळून उठली, दोन पायऱ्या चढली आणि सेक्रेटरीच्या हातातून माइक घेतला. काढून घेतला म्हटलं तरी चालेल.

तिने भाषणबिषण केलं नाही. ती म्हणाली, “पेटीवर मी होते. सहा वर्षांची. गर्दीत मला लघवी झाली. माझ्या बाबांनी स्वतःचा स्वेटर माझ्या कमरेला बांधला आणि कोणी मला बघू नये म्हणून सगळे जाईपर्यंत ते थांबले. शिट्टीसाठी नाही थांबले. त्यांना फुटबॉल आवडायचाही नाही.”

मग वरच्या रांगेत कोणीतरी फिदीफिदी हसलं, आणि त्या हसण्याला पाय फुटले. पहिल्या रांगेत पेंटर बसला होता. तो स्वतःच्या बुटांकडे बघायला लागला. बावन्न वर्षांची बाई, चारचौघांसमोर, लघवी वगैरे. तिचे कान तापले, पण माइक तिने घट्ट धरून ठेवला. हसा, ती मनात म्हणाली. तुमच्यापैकी एकाच्या तरी बापाने हे केलं असतं का?

दादा पुढे झाला. तिला वाटलं, हा आता आवरतं घेणार, बहिणीची तब्येत बरी नसते असं काहीतरी बोलणार. त्याने माइक मागितला आणि त्याच्या त्या शांत आवाजात सांगितलं, “ती म्हणते ते खरं आहे. मी तिथे नव्हतो. मला गालगुंड झालं होतं. मी खोटं लिहिलं. मला माफ करा.”

टाळ्या सुरू झाल्या. आधी सेक्रेटरी, मग पहिली रांग, मग सगळा स्टँड उभा राहून. काय धैर्य, काय मोठं मन. सेक्रेटरीने त्याला मिठी मारली आणि ती वाक्यवाली मफलर त्याच्याच गळ्यात घातली. पेंटर डोळे पुसत होता. दाभण व्यासपीठाच्या कडेला रिकाम्या हातांनी उभी होती. तिने खरं सांगितलं तर लोक हसले. त्याने खोटं बोललो असं सांगितलं तर टाळ्या. हे असं कसं, हे विचारायलाही कोणी तिच्याकडे वळून पाहत नव्हतं. छतावरची अक्षरं होती तिथेच राहिली.

सामना सुरू झाला. ती कडेच्या पायरीवर जाऊन बसली. थोड्या वेळाने दादा आला आणि तिच्या शेजारी बसला. त्याने मफलर काढून खिशात कोंबली होती. तिच्या अंगातला राग उतरला नव्हता. उलट आता तो घट्ट झाला होता, दुधावरच्या सायीसारखा.

“मला माहीत नव्हतं गं,” तो म्हणाला. “स्वेटरचं. त्यांनी मला सगळं सांगितलं, तेवढंच नाही सांगितलं.”

तिने बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली.

“एक विचारू?” त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. गळ्यावरून हात फिरवत तो थांबत थांबत बोलत होता. “त्या दिवशी बाबा माझ्याबद्दल काही बोलले का? तिथे, किंवा येताना?”

बोलले होते. त्या पायरीवर बसल्यापासून घरी पोहोचेपर्यंत ते दुसरं काही बोललेच नव्हते. पोरगा काय करत असेल, ताप उतरला असेल का, त्याला केवढी हौस होती, त्याला हे सगळं कसं सांगू म्हणजे बघितल्यासारखं वाटेल. मोज्याची गोष्ट त्याला आवडेल, म्हणाले होते. गोल कसा झाला हे ते रस्ताभर मूठ फिरवून मनाशी घोकत होते, विसरू नये म्हणून. ओल्या बुटांनी ती शेजारून चालत होती आणि बाबांनी एकदा तरी आपल्याबद्दल काही म्हणावं म्हणून वाट बघत होती.

दादा अजून उत्तराची वाट बघत होता. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

“नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”